नुसती क्लच प्लेट, की अख्खा सेट?

दिवे घाटात तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र रेंगाळायची. आमची 2008 ची वॅगनआर, 1,40,000 किलोमीटर पळालेली. सोसायटीतच हँडब्रेक ओढला, तिसरा टाकला, क्लच हळूहळू सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते चालूच! म्हणजे क्लच स्लिप होतोय, यात शंका उरली नाही.

नुसती प्लेट टाकली तर आज पैसे वाचतात, हे खरं. पण प्लेटपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरी असते ती त्याची. सेटमधले बाकीचे दोन भाग, म्हणजे क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट (तिची स्प्रिंग) आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग, हेही तेवढेच किलोमीटर झिजलेले. सहा महिन्यांनी पेडल दाबल्यावर बेअरिंग घरघरायला लागलं, की गिअरबॉक्स पुन्हा खाली आणि मजुरी पुन्हा खिशातून. तिसरा पर्याय जुन्या प्लेटला नवं लायनिंग, म्हणजे घासलं जाणारं अस्तर, मारून घेण्याचा. त्यात मधल्या स्प्रिंगा आणि हबचे दाते जुनेच राहतात. सिंहगड रोडवर रोज हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाडीला मी तरी ते करणार नाही.

गाडी दोन-तीन महिन्यांत विकायची किंवा भंगारात द्यायची असेल, तर नुसती प्लेट पुरे. आम्ही 2023 ला पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतलीय, त्यामुळे सेटच घेतला.

काम कुठे करायचं? सर्व्हिस सेंटरला पक्कं बिल आणि वॉरंटी मिळते, पण तिथे गाडीजवळ उभं राहू देतीलच असं नाही. ओळखीच्या गॅरेजमध्ये मजुरी कमी, शिवाय सगळं डोळ्यांसमोर. सेट नाना पेठेतून आणायचा तर वॅलिओ, लुक, एक्सेडी यांपैकी आपल्या मॉडेलचा मागा आणि पक्क्या बिलावरच घ्या. डुप्लिकेट माल हुबेहूब खोक्यातून येतो.

मी गॅरेजच निवडलं, आणि उभा राहिलो ते बरं झालं. मिस्त्रीने प्लेट हातात दिली: लायनिंग रिबिटांच्या डोक्यांपर्यंत घासलेलं, आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर, तापून पडलेले निळसर डाग. तेवढ्यावरून फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेतला. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचं मागचं ऑइल सील बदलायला सांगा. किरकोळ वस्तू, पण तिथून तेल गळालं तर नव्या प्लेटची वाट लागते. केबलही तेव्हाच टाकून घेतली.

फक्त एक गंमत. जुना क्लच पार वर पकडायचा, नवा खालीच पकडतो. पाय जुन्याच सवयीचा! पहिल्या दिवशी अलका टॉकीजच्या चौकात गाडी दोनदा बंद पडली, आणि मागचा रिक्षावाला जे काही बोलला ते इथे लिहिता येणार नाही.