अंगठ्याच्या संधिवातासह नाइन एमएम: १५० ग्रेन सिंटेक काडतुसांचा काही महिन्यांचा अनुभव

माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून असलेल्या सांध्यात, संधिवात आहे. किल्ली फिरवताना, बरणीचं झाकण काढताना आणि पिस्तूल धरताना याच सांध्यावर जोर येतो. कॉलेजात असताना कोल्हापूरला एनसीसीत .२२ रायफल चालवली, तेव्हापासूनची ही आवड. आता टेक्ससमध्ये घराजवळ रेंज (नेमबाजीची जागा) असताना ती सोडायची माझी तयारी नव्हती. डॉक्टरांशी बोलून, स्प्लिंट (सांध्याला आधार देणारी पट्टी) लावून सुरू ठेवलं आणि काडतूस बदललं. गेले कित्येक महिने फेडरल कंपनीचं ‘सिंटेक अ‍ॅक्शन पिस्तूल’ नावाचं काडतूस, नाइन एमएम (९ मिलिमीटर व्यासाचं), १५० ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, साधारण ०.०६५ ग्रॅम), हेच वापरते आहे. पिस्तूल सीझेड ७५, अख्खं पोलादी, रिकामं असताना साधारण एक किलोचं.

आधी झटक्याचा हिशेब सांगते, कारण खोक्यावरच्या ‘लो रिकॉइल’ (कमी झटका) या शब्दांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले तिचा सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांमध्ये याला पॉवर फॅक्टर म्हणतात आणि तिथे किमान १२५ लागतो. नेहमीची ११५ ग्रेनची गोळी ११८० च्या वेगाने जाते, म्हणजे जवळजवळ १३६. माझी १५० ग्रेनची ८७० ने जाते, म्हणजे साडेएकशेतीस. आता गंमत बघा: दुकानात ‘जड गोळी म्हणजे मऊ झटका’ असं सर्रास सांगतात, पण १००० च्या आसपास वेग असलेली १४७ ग्रेनची काडतुसंही मिळतात. त्यांचा आकडा १४७ येतो, म्हणजे साध्या गोळीपेक्षाही जास्त! नुसतं वजन बघून घेऊ नका, वेगही बघा.

मग १३६ आणि १३० एवढ्याशा फरकानं अंगठ्याला आराम कसा मिळतो? या काडतुसात दारू कमी असते, नळीतून मागोमाग फुटणारा वायू कमी, आणि स्लाइडही (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) सावकाश मागे येते. ११५ ग्रेनची गोळी हाताला चापट मारते, ही ढकलते. सांध्याला दुखवते ती चापट. पूर्वी एक खोकं संपेपर्यंत अंगठा ठणकायला लागायचा आणि रात्री सूज यायची. आता तेवढंच झाडून दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता येतात. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

याचं अर्धं श्रेय मात्र पिस्तुलाच्या वजनाला आहे. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ‘तुमच्या हाताला सोपं जाईल’ म्हणत बायकांच्या हातात चिमुकलं, हलकं पिस्तूल देणाऱ्या दुकानदारांचा मला मनापासून राग येतो. दुखऱ्या हाताला हलकं पिस्तूल खिशात बरं, चालवायला नाही. .३८० या नाइन एमएमपेक्षा छोट्या काडतुसाचंही तेच. काडतूस सौम्य, पण छोट्या, साध्या ब्लोबॅक (स्लाइड फक्त तिच्या वजनानं आणि स्प्रिंगनं रोखलेल्या) पिस्तुलातून ते चांगलंच झोंबतं.

खरं दुखणं कधीकधी गोळी झाडण्याच्या आधीच सुरू होतं. मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या पेटीत) अंगठ्यानं एकेक काडतूस दाबून भरणं हा माझ्या सांध्याचा सगळ्यात मोठा शत्रू निघाला. मॅगलुला कंपनीचा अपलुला लोडर (मॅगझिन भरायचं हातातलं साधन) घेतला आणि तो प्रश्न मिटला. संधिवात असेल तर काडतुसांच्या आधी हा लोडर घ्या, इतकं ठामपणे सांगते. दुसरी अडचण स्लाइडची. सीझेड ७५ ची स्लाइड फ्रेमच्या आतून सरकते, त्यामुळे पकडायला जागा कमी. त्यावर उपाय असा: आधी हॅमर (काडतूस पेटवणारा मागचा ठोका) मागे घ्यायचा, म्हणजे स्लाइडला तो ढकलावा लागत नाही आणि जोर कमी लागतो. मग डाव्या हातानं स्लाइड घट्ट धरून उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं. नळी कायम लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर.

सिंटेकबद्दल आणखी थोडं. गोळीवर तांब्याच्या आवरणाऐवजी लाल पॉलिमरचा थर असतो. माझ्या पिस्तुलात एकही अडकलं नाही. लांबच्या अंतरावर गोळी किंचित वर लागते. वेग कमी असल्यानं ती नळीत जरा जास्त वेळ असते आणि तेवढ्यात नळी वर उचलली जाते. किंमत साध्या काडतुसांपेक्षा बरीच जास्त आहे, हे मान्य.

याहून सौम्य झटका हवा असेल तर हॉर्नडीचं क्रिटिकल डिफेन्स लाइट आहे: १०० ग्रेन, ११२५ चा वेग, आकडा ११२ च्या पुढे. ते स्वसंरक्षणासाठीचं काडतूस आहे, रोजच्या सरावाला परवडत नाही. हलकं काडतूस घेताना एक सावधगिरी हवीच: स्लाइडची स्प्रिंग कडक असेल आणि मनगट सैल पडत असेल, तर काडतुसाची रिकामी खोळ बाहेर न पडता मध्येच अडकते. आमच्या दुसऱ्या पिस्तुलात एका हलक्या काडतुसानं हेच वारंवार झालं. ज्या पिस्तुलातून वापरायचं त्यातूनच, आणि ज्या हाताला त्रास आहे त्याच हातानं, भरपूर झाडून बघा.

नवऱ्याचं मनगट पडून मोडलं होतं, अजून पूर्ण वळत नाही. त्यानं वेगळी वाट धरली: चार इंची पोलादी .३८ रिव्हॉल्व्हर आणि १४८ ग्रेनची वॉडकटर (सपाट तोंडाची गोळी). वेग ७०० च्या आत, आकडा १०२ च्या आसपास, आणि कागदावर पंचनं पाडल्यासारखी गोल, स्वच्छ भोकं. स्लाइड ओढायची भानगड नाही, हलक्या काडतुसानं अडकायचं भय नाही. पण डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगर ओढूनच हॅमर मागे जातो तेव्हा, ट्रिगर साधारण पाच किलोचा असतो, तर्जनीत संधिवात असेल तर तो जाचतो. मग हॅमर मागे घेऊनच झाडावं. गोळीचं तोंड सपाट असल्यानं भरायलाही वेळ लागतो.

आमच्या ओळखीतल्या एका काकांना आमवात आहे, दोन्ही हातांची बोटं वाकडी झालीत. ते .२२ वर आले आहेत: ४० ग्रेन, १०७० चा वेग, आकडा जेमतेम ४३. स्वसंरक्षणाला .२२ चालेल का, हा वाद वेगळा, आणि रिमफायर (कडेवर ठोका बसून पेटणारं) काडतूस कधीतरी पेटत नाही हेही खरं. पण कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते याच .२२ नं, त्यामुळे काकांना ‘ही पोरांची गोळी’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही. काका आता दर आठवड्याला रेंजवर येतात.