वसतिगृहातल्या रात्री आणि १४४१६: टेली-मानस सेवेचे परीक्षण

टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहांत, वर्गांत आणि संकेतस्थळांवर ठळक अक्षरांत लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांना बजावले आहे. पदवी महाविद्यालयात शिकवताना आणि मेंटॉर म्हणून काम करताना मी हा क्रमांक विद्यार्थ्यांना आवर्जून देते. म्हणून येथे तिचा विचार फक्त त्यांच्या गरजेपुरता केला आहे.

तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती चोवीस तास आणि विनामूल्य चालते. शिक्षण मंत्रालयाच्या ‘मनोदर्पण’ची दूरध्वनी सेवा २०२० मध्ये आली, ती खास विद्यार्थ्यांसाठीच आहे, परंतु तिची वेळ सकाळी ८ ते रात्री ८ अशी ठरली. वसतिगृहातला मुलगा खचतो तो बहुधा त्यानंतर. निकाल लागून विषय राहिल्याचे कळलेले असते, घरी फोन करायचे धैर्य होत नाही, रेक्टर झोपलेले असतात आणि खोलीतल्या मित्रांना सांगावे तर उद्या सगळ्या मजल्यावर चर्चा होईल, ही धास्ती असते. अशा वेळी पलीकडून प्रशिक्षित माणूस बोलतो, याचे मोल फार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. हा आकडा डोळ्यांसमोर असताना रात्री उपलब्ध असणे हीच माझ्या दृष्टीने या सेवेची पहिली कसोटी आहे, आणि तिची रचना त्या कसोटीला उतरते.

दुसरा गुण भाषेचा. सेवा २० भाषांत आहे आणि फोन लागल्यावर भाषा निवडता येते. वाशिम किंवा बीडहून चेन्नईला शिकायला गेलेल्या मुलीला ‘मनच लागत नाही, घरी कोणत्या तोंडाने जाऊ’ हे मराठीतच सांगायचे असते. तेच इंग्रजीत सांगायची वेळ आली, तर ती ‘थोडा ताण आहे’ एवढ्यावर थांबते आणि खरे दुखणे आतच राहते. सुरुवातीला प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि गरज पडल्यास पुढच्या पातळीवर मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम किंवा वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी जोडून देण्याची व्यवस्था आहे. मानसिक आरोग्य क्षेत्रातली बंगळुरूची राष्ट्रीय संस्था निम्हान्स ही टेली-मानसची शिखर संस्था आहे.

विद्यार्थी मला हमखास विचारतात तो प्रश्न असा : घरी किंवा कॉलेजात कळेल का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचारांविषयीची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणे यांसारख्या, कायद्यानेच ठरवलेल्या मोजक्या परिस्थितींचा त्याला अपवाद आहे. हे त्यांना आधीच समजावून सांगितले, तर फोन करण्यातला संकोच बराच कमी होतो.

मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. ही मुख्यतः बोलण्यावर चालणारी सेवा आहे, आणि चौघांच्या खोलीत, गच्चीला कुलूप असताना, मोकळेपणाने बोलायला जागाच नसते. ज्यांना लिहून व्यक्त होणे सोपे वाटते, त्यांना मी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची, २०१२ पासून चालणारी ‘आयकॉल’ सेवा सुचवते, कारण तिथे ईमेलनेही संवाद साधता येतो. त्याहून मोठी मर्यादा अशी, की समुपदेशक मनाची घालमेल शांत करू शकतो, पण महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अडकलेली शिष्यवृत्ती सोडवू शकत नाही, हजेरी कमी म्हणून रोखलेला परीक्षेचा अर्ज भरून देऊ शकत नाही आणि इयर डाऊन झालेल्या, म्हणजे वर्ष वाया गेलेल्या मुलाच्या वडिलांशी बोलायला प्राध्यापकाला पाठवू शकत नाही. ही कामे महाविद्यालयाचीच आहेत, आणि फलक लावला की ती संपली असे मानणाऱ्या संस्था पाहून मला मनापासून वाईट वाटते.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. प्रत्यक्षात मी एका महाविद्यालयात पाहिले, की मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनाच समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता आणि त्यांची बसण्याची जागा प्राचार्यांच्या दालनाशेजारी होती. जी व्यक्ती अंतर्गत गुण देणार, तिच्यासमोर कोणता विद्यार्थी मन मोकळे करील?

विद्यार्थ्यांनी १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवावा, अशी माझी निःशंक शिफारस आहे. महाविद्यालयांनी त्या फलकाखाली स्वतःच्या समुपदेशकाची भेटीची वेळ आणि शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचा टेबल क्रमांक छापावा, आणि प्रत्येक वसतिगृहात रात्री उघडी राहणारी, दार लावून फोनवर बोलता येईल अशी एक खोली द्यावी. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळे बांधकामही करावे लागणार नाही.