तीन दिवसांची गॅरंटी आणि पर्शियन पिल्लू

सोलापुरात कोणी पर्शियन मांजराचं पिल्लू घ्यायच्या विचारात असेल, तर ॲडव्हान्स पाठवण्याआधी हे वाचा. मांजरं विकणारे सगळेच लबाड असतात असं मी म्हणत नाही. पण आम्हाला ज्या रीतीने गंडवलं, ती पुढे ओळखीतल्या आणखी दोन घरांत जशीच्या तशी ऐकायला मिळाली. आम्हाला पिल्लू विकणाऱ्या माणसाने मांजराबद्दल खोटं तसं थोडंच सांगितलं. खरी लबाडी होती ती तारखांत.

माझी मुलगी तिसरीत आहे. वर्षभर तिचं मांजर-मांजर चाललं होतं. माझं आजोळ सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात माग होते, आणि उंदीर सूत कुरतडतात म्हणून मांजर कायम असायचंच. ते कुठून तरी यायचं, राहायचं आणि एखाद्या दिवशी निघूनही जायचं. मांजराला कोणी बारा हजार मोजतं हे आजीला सांगितलं असतं, तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण आता आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मुलीच्या मैत्रिणीकडे पांढरंशुभ्र पर्शियन आहे. बायको म्हणाली, घेऊन टाकू एकदाचं.

मोबाईलवर जाहिरात सापडली. फोन केला तर माणूस अगदी गोड. पहिल्यांदा त्याने भाव समजावून दिले. नाक जरा वर असलेलं ते ‘डॉल फेस’, थोडं बसकं ते ‘सेमी पंच’, आणि नाक पार डोळ्यांच्या मधे गेलेलं ते ‘पंच’. नाक जेवढं आत, तेवढा भाव वर. केसांना ‘ट्रिपल कोट’ म्हणून आणखी दोन हजार. ही माहिती तो ज्या सफाईने देतो, त्यावरून माणूस जाणकार वाटतो. खरं तर बसक्या नाकाचं मांजर जास्त पैसे देऊन घ्यावं असं त्यात काहीच नाही. श्वासाला अडचण, डोळ्यांतून सतत पाणी, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की हाल वेगळेच. मांजराला अंगभर घाम येत नाही. ते अंग चाटून आणि फारच तापलं तर धापा टाकून थंड होतं, आणि धापा टाकायला नाक-घसा मोकळा लागतो. मी एसीचं विचारलं तर म्हणाला, “काय लागत नाही ओ सर, पंखा बास होतो की.”

पिल्लाची आई बघायची आहे, घरी येतो, असं म्हटल्यावर त्याने व्हिडिओ पाठवला. “घरी बाळंतीण हाय, बाहेरची माणसं नको म्हणतेत आई.” आता यावर कोण काय बोलणार? पाव्हण्यारावळ्यांत वाढलेल्या माणसाची जीभच रेटत नाही. तीन हजार ॲडव्हान्स यूपीआयवर मागितले. पैसे गेले त्या खात्यावर नाव एका बाईचं होतं. म्हणाला, वहिनीचं आहे. उरलेले रोख, कारण “बँकेचं लिमिट संपलंय”. भेट सात रस्ता चौकात, दिवेलागणीला. एका खोक्यात जुन्या टॉवेलवर पिल्लू. केशरी, फुगीर, हातात मावणारं. मुलीने तिथेच नाव ठेवलं, चटणी. सोलापूरकरांना रंग वेगळा सांगायला नको.

त्याने तीन गोष्टी सांगितल्या. पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. दोन्ही लसी झाल्यात, हे कार्ड. आणि मादी आहे, तिचे हजार जास्त, पण पुढे पिल्लं विकून सगळे पैसे वसूल होतात. मग कार्डाच्या मागे आपल्या हाताने लिहून दिलं: तीन दिवसांत पिल्लाला काही झालं तर दुसरं पिल्लू फुकट. न मागता लिहून दिलं. खायला काय, तर दूध-टोस्ट.

तीन दिवस चटणी बरी होती. जरा मलूल वाटायची, पण नवीन घर म्हणून असेल असं आम्ही धरून चाललो. त्यानंतर तिने खाणं सोडलं, पिवळसर फेसाच्या उलट्या सुरू झाल्या, आणि ती पाण्याच्या वाटीवर तोंड टेकवून नुसती बसून राहायला लागली. पाणी प्यायची नाही. हे लक्षण कुठे दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आम्ही थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी वजन केलं. साडेपाचशे ग्रॅम. म्हणाल्या, “पिल्लू महिन्याला साधारण चारशे-साडेचारशे ग्रॅमने वाढतं. अडीच महिन्यांचं असतं तर किलोच्या आसपास हवं होतं.” मग तोंड उघडून दाखवलं. मांजराचे दुधाचे दात २६, आठ आठवड्यांपर्यंत ते सगळे येतात. हिच्या मागच्या दाढा नुकत्या हिरडीतून डोकावत होत्या. डोळे अजून निळसर, तेही सहा-सात आठवड्यांनंतर बदलायला लागतात. म्हणजे पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं. आईपासून तोडायचं वयच नव्हतं. शेपटी वर करून बघितलं तर मादीही नाही, बोका. केशरी मांजरांत दर पाचांतले चार बोकेच निघतात, कारण त्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बोक्याला ते एकच पुरतं. म्हणजे हजार रुपये त्याचेही गेले. बायकोला त्याही अवस्थेत हसू आलं.

मग कार्ड. डॉक्टरांनी त्यावर नुसता अंगठा फिरवला आणि ते माझ्याकडे दिलं. लस दिली की कुपीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. आमच्या कार्डावरच्या लेबलाला कडच लागत नव्हती. ती रंगीत झेरॉक्स होती. शिक्क्यात नाव होतं, पण नोंदणी क्रमांक नव्हता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी घरी बसून कोणालाही पकडता येते: रेबीजची लस मांजराला साधारण बारा आठवड्यांनंतर देतात. विकणाऱ्याच्या स्वतःच्या हिशोबाने पिल्लू दहा आठवड्यांचं होतं आणि कार्डावर रेबीज दोन आठवड्यांपूर्वीची. त्याचं खोटं त्याच्याच खोट्याशी जुळत नव्हतं. तिहेरी, म्हणजे तीन आजारांवरची, ती दुसरी लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या डोसाला नीट काम करू देत नाही. त्यामुळे “दोन्ही लसी झाल्या, आता काही लागत नाही” हे वाक्य अडीच महिन्यांच्या पिल्लाबद्दल खरं असूच शकत नाही.

किट लावून तपासणी केली. पॅनल्यूकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्वोच्याच कुळातला विषाणू. तो आतडी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन्ही खलास करतो. सलाईन, इंजेक्शनं, रात्रभर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. चटणी वाचली नाही.

त्या तीन दिवसांच्या गॅरंटीचा अर्थ तेव्हा उलगडला. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेकदा काही दिवस ते आठवडा जातो, कधी दहा दिवसही. जिथे अनेक पिल्लं एकत्र कोंडलेली असतात तिथे हा आजार आला की विक्रेत्याला ते आधी कळतं. आजारी दिसायच्या आत पिल्लं बाहेर काढायची, म्हणून वय वाढवून सांगायचं. वय वाढवलं की लसीचं कार्ड लागतं, म्हणून झेरॉक्स. आणि गॅरंटी मुद्दाम एवढी आखूड, की ती संपल्यावरच पिल्लू आजारी पडावं. ती लिहून दिल्यामुळे समोरचा माणूस प्रामाणिक वाटतो, हा वरचा फायदा. डॉक्टर म्हणाल्या, अशी तीन दिवसांची चिठ्ठी त्यांनी याआधीही बघितली आहे.

त्याला फोन केला. “सर, तुम्ही दूध पाजलं असणार. मांजराला दूध चालत नाही.” दूध-टोस्ट सांगणारा हाच. तेवढं बोलून नंबर ब्लॉक.

पुढे मुलीच्या मानेवर आणि बायकोच्या मनगटावर गोल लाल चट्टे उठले. नायटा. पर्शियनच्या दाट केसांत हा बुरशीचा संसर्ग लपून राहतो आणि माणसाला उठायलाही आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणजे पुन्हा गॅरंटीच्या बाहेर. पिल्लू बघताना केस उलटे फिरवून कान, डोळ्यांच्या कडा आणि पंजे उजेडात बघायचे असतात. सात रस्त्याला दिवेलागणीची वेळ का दिली होती, हे सांगायला नको.

पॅनल्यूकोपेनिया माणसाला होत नाही, पण हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. साध्या साबणाने जात नाही. मांजर असलेल्या घरात फिनेल तर वापरूच नये, ते त्यांना विषारी असतं. एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि मग स्वच्छ धुऊन काढायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात अख्खं घर दोनदा धुवायचं म्हणजे काय, ते ज्याने धुतलं त्याला विचारा. टॉवेल, खोकं, वाटी सगळं टाकून दिलं. लस पूर्ण न झालेलं पिल्लू वर्षभर घरात आणायचं नाही अशी तंबी आहे.

माझ्या मेव्हण्याने स्वतःच्या नंबरवरून गिऱ्हाईक बनून त्याच विक्रेत्याला फोन लावला. तोच आईचा व्हिडिओ, तोच टॉवेल, फक्त घरी या वेळी सुतक होतं.

आता कायद्याचं. पेट शॉपसाठी २०१८ चे नियम आहेत. राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ग्राहक आयोगातही जाता येतं. व्यवहाराची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. अडचण एकच, तक्रारीत विरुद्ध पक्षाचा पत्ता लिहावा लागतो. आमच्याकडे आम्हाला ब्लॉक केलेला एक नंबर आणि त्या ‘वहिनीं’चं यूपीआय, एवढंच आहे. बाळंतीण आणि सुतक यांचं खरं काम हेच: तुम्हाला पत्ता कळू द्यायचा नाही. म्हणून घर आणि पिल्लांची आई बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आई जिथे आहे तिथे भावंडंही असतील, त्यांच्या शी-शूच्या जागेकडे बघा. पिशवीत छोटा वजनकाटा ठेवायला लाजू नका. कार्डावरच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावा. विकणारा चिडला तर तेच उत्तर समजा. आणि गॅरंटी द्यायचीच असेल तर पंधरा दिवसांची, तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीवर, असं लिहून मागा. आम्ही हे दुसऱ्या एका विक्रेत्याला सहज विचारून बघितलं, त्याने तयारी दाखवली. म्हणजे मिळते.

मी सायबर तक्रार केली आहे, ॲडव्हान्सपुरती. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. रोख दिलेल्या नऊ हजारांचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त चॅट आहे. तक्रार घेणाऱ्याने तीन कागद मागितले: यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटची प्रत तारखांसह, आणि डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र, ज्यात वजन, दातांवरून वय आणि तपासणीचा निकाल लिहिलेला असेल. हे पत्र पिल्लू जिवंत असतानाच घ्या. नंतर दातांचं कोणी लिहून देत नाही. आम्हाला ते मिळालं, कारण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून लिहून ठेवलं होतं.