उयुनीहून निघावं की सान पेद्रोहून?

बोलिव्हियाच्या नैऋत्य कोपऱ्यातली तीन दिवसांची जीपसफर करायची हे पक्कं झालं, की प्रश्न येतो सुरुवातीचा. बोलिव्हियातल्या उयुनीहून निघून चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामाला उतरता येतं, किंवा बरोबर उलटं. वाटेवरची ठिकाणं जवळपास तीच: मिठाचं अफाट मैदान, फ्लेमिंगोंची तळी, सिलोलीचं वाळवंट, गरम पाण्याची कुंडं. म्हणून बरेच जण जिकडचं तिकीट स्वस्त तिकडून निघतात. मला हे अजिबात पटत नाही. इथे दिशा ठरवायची ती उंची बघून.

सान पेद्रो आहे साधारण २,४०० मीटरवर. सकाळी तिथून निघालेली गाडी तासाभरात हितो काहोनच्या सीमाचौकीवर, म्हणजे जवळजवळ ४,५०० मीटरवर पोचते. तिथे बोलिव्हियाच्या जीपमध्ये बसायचं आणि त्याच दिवशी ४,८०० मीटरच्याही वर जायचं. रात्रीचा मुक्काम बहुधा ४,२०० च्या आसपास. लेहला विमानाने उतरलो की ३,५०० मीटरवरसुद्धा आपण पहिले दोन दिवस आराम करतो. इथे तेवढीही सवड नाही. डोकं ठणकायला लागलं, अन्न जाईनासं झालं, तर पहिला उपाय खाली उतरण्याचा. आणि या पठारावर खाली म्हणजे कित्येक तासांचा कच्चा रस्ता.

उयुनीहून हाच चढ हप्त्याहप्त्याने येतो. गाव आणि मिठाचं मैदान दोन्ही ३,६५० मीटरच्या जवळपास, पहिली रात्रही साधारण त्याच उंचीवर. दुसरी रात्र ४,३०० मीटरच्या आसपास, ती कठीण जाते. पण तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही सान पेद्रोत, थेट २,४०० वर. ला पाझला दोन-तीन दिवस राहून आलात तर शरीर आणखी तयार असतं.

आणि सोल दे मान्यानाचं, म्हणजे वाफेच्या झोतांच्या आणि उकळत्या चिखलाच्या त्या पट्ट्याचं काय? माझ्यासाठी हा उयुनीच्या बाजूचा दुसरा मोठा मुद्दा. तिथे उयुनीकडच्या गाड्या तिसऱ्या दिवशी पहाटे पोचतात. कडाक्याच्या थंडीत वाफेचे लोट दाट आणि उंच दिसतात, खड्ड्यांमधला राखाडी चिखल रटरटत असतो, गंधकाचा वास नाकात बसतो. कठडा वगैरे काही नाही, म्हणून चालकाने पाय ठेवला तिथेच पाय ठेवायचा. मग पोल्केसच्या कुंडात उतरायचं: डोक्यावरची हवा शून्याखाली आणि गळ्यापर्यंत ऊन पाणी. सान पेद्रोकडून येणारे हेच सगळं दिवस वर आल्यावर बघतात, तेव्हा वाफ विरळ झालेली असते.

सान पेद्रोच्या बाजूने खरं वजन आहे ते एकाच गोष्टीचं, पण ते मोठं आहे. सुमारे १०,५०० चौरस किलोमीटरचं ते मीठ त्यांना शेवटच्या दिवशी, सूर्योदयाला भेटतं. निवडुंगांनी भरलेल्या इंकावासीच्या टेकडीवरून पाहिलं, की तिरप्या उन्हात मिठाच्या बहुभुज चौकटींची एकेक कड उठून दिसते. उयुनीहून निघालेले तिथे भर दुपारी पोचतात. प्रकाश सपाट आणि जीपांची गर्दी. यावर तोडगा आहे: सूर्यास्तापर्यंत मिठावर थांबणारी सहल निवडा, आणि हे पैसे देण्याआधी विचारा.

मिठावर साचलेल्या पावसाच्या पाण्यातला आरसा हवा असेल तर जानेवारी ते मार्च, आणि तेव्हाही उयुनीच बरं. हवा बिघडली तर गावात एखादा दिवस थांबता येतं. मात्र पाणी जास्त असलं की इंकावासीला गाडी जात नाही. मे ते ऑक्टोबर कोरडं. जून-जुलैत रात्री उणे १५ च्या खाली जातात आणि आतल्या साध्या निवाऱ्यांमध्ये हीटर गृहीत धरू नका, स्लीपिंग बॅग मागून घ्या.

बोलिव्हियातल्याच तुपिसाहून निघणारी चार दिवसांची वाट हा तिसरा पर्याय. तांबड्या दऱ्या, कमी गाड्या, आणि मीठ शेवटी, पहाटे. वेळ असेल तर जरूर विचार करा, पण तुपिसा २,९५० मीटरवर आहे, म्हणजे चढाचा प्रश्न इथेही आहेच.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी दोन्ही देशांचे व्हिसाचे ताजे नियम बघावेत, आणि हितो काहोनच्या निर्जन चौकीवर व्हिसा मिळेल या भरवशावर जाऊ नये. चिलीत जायचंच नसेल तर उयुनीहून निघून उयुनीलाच परतणारी सहल मिळते. शेवटचा दिवस बराचसा गाडीत जातो, एवढंच.

सान पेद्रोहूनच निघणं भाग असेल, तर आधी तिथे तीन-चार दिवस राहा आणि ४,३०० मीटरवरच्या एल तातिओच्या गरम झऱ्यांना एक सकाळ जाऊन या. तिथे त्रास झाला तर सहल पुढे ढकला. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी इथूनच बोलून घ्या. गाडीत ऑक्सिजन आहे का हे विचारा. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, नाहीतर दुपारी ताटात लामाचं मांस येतं. तळी ज्यात येतात त्या अभयारण्याच्या प्रवेशासाठी बोलिव्हियानो रोख ठेवा, वाटेत एटीएम नाही. आणि चिलीच्या सीमेआधी कोकाची पानं, फळं संपवा. तिथे सामान कसून तपासतात.