पाण्यातलं शिसं मोजायला पोर्टेबल व्होल्टॅमेट्री यंत्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. शिसं आणि कॅडमियमसाठी हे यंत्र मी पुन्हा घेईन, आर्सेनिकसाठी घेणार नाही. सविस्तर लिहितोय, कारण माहितीपत्रकात यंत्र किती कमी धातू पकडतं ते ठळक छापलेलं असतं. रोजच्या कामात वेळ आणि जीव कुठे जातो ते नसतं.

पद्धत अॅनोडिक स्ट्रिपिंगची. इलेक्ट्रोड उणे १.२ व्होल्टच्या आसपास धरायचा आणि पाणी ढवळत ठेवायचं. शिशाचे, कॅडमियमचे आयन धातू होऊन त्यावर जमत जातात. दोन-तीन मिनिटांनी ढवळणं थांबवून पोटेन्शिअल, म्हणजे इलेक्ट्रोडचं व्होल्टेज, धन बाजूला सरकवायचं. प्रत्येक धातू आपापल्या ठिकाणी पुन्हा विरघळतो आणि पडद्यावरच्या आलेखात टोकदार उंचवटा, म्हणजे पीक, उमटतो, आधी कॅडमियमचा, मग शिशाचा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य शिशाला लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे आणि कॅडमियमला ३. बॅगेत मावणारं यंत्र तिथपर्यंत पोहोचतं ते या जमवण्यामुळेच. धातू अगदी कमी असेल तर जमवायचा वेळ वाढवायचा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती स्वच्छता. बाटल्या पॉलिथिनच्या, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवलेल्या आणि डीआयोनाइज्ड (आयन काढून टाकलेल्या) पाण्याने अनेकदा खंगाळलेल्या हव्यात. नमुन्यात घालायचं आम्लही ट्रेस मेटल ग्रेडचंच, म्हणजे स्वतःत धातूंचा अंश जवळपास नसलेलं, हवं. पावडर लावलेले हातमोजे तर नकोतच, त्यातून जस्त येतं. दर फेरीला मी एक ब्लँक सोबत नेतो: डीआयोनाइज्ड पाण्याची बाटली, जी नमुन्याच्या जागी उघडायची, तिच्यात तेवढंच आम्ल घालायचं आणि बाकीच्यांबरोबर परत आणायची. त्या ब्लँकमध्ये शिशाच्या जागी बारीकसा जरी उंचवटा दिसला, तरी त्या दिवसाचे लहान आकडे मी वापरत नाही. ज्या अहवालात ब्लँकचा आकडाच नाही, त्यातल्या दोन-तीन मायक्रोग्रॅमवर माझा विश्वास बसत नाही.

दुसरं काम इलेक्ट्रोडचं. माझ्याकडे ग्लासी कार्बनचा (काचेसारख्या कठीण, गुळगुळीत कार्बनचा) इलेक्ट्रोड आहे आणि त्यावर बिस्मथ या धातूचा थर चढतो. पाऱ्याच्या थरापेक्षा हे कितीतरी बरं, कारण पाऱ्याचा कचरा सांभाळावा लागत नाही. पण कार्बनचा पृष्ठभाग आरशासारखा हवा. ओल्या कापडावर ०.०५ मायक्रॉनची अॅल्युमिना (घासायची बारीक पूड) घेऊन इलेक्ट्रोड सरळ उभा धरायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. हात तिरका झाला की थर एकसारखा बसत नाही, शिशाचा पीक रुंद आणि बुटका होतो. ठरलेलं स्टँडर्ड, म्हणजे धातूचं प्रमाण माहीत असलेलं द्रावण, लावून पीक टोकदार येतोय ना, हे पाहिल्याशिवाय मी नमुना लावत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र स्वतःच्या साठवलेल्या कॅलिब्रेशनवरून जो आकडा दाखवतं तो नळाच्या नितळ पाण्यात ठीक असतो. तळ्याच्या पिवळसर पाण्यात ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली) इलेक्ट्रोडवर चिकटतात, काही शिसं धरूनही ठेवतात, आणि आकडा कमी येतो. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. त्यामुळे मी स्टँडर्ड अॅडिशनच करतो, म्हणजे नमुन्यातच माहीत असलेलं शिसं घालून पीक किती वाढतो ते पाहतो. समजा नमुन्याचा पीक २ एकक उंच आला आणि त्याच पाण्यात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसं वाढवल्यावर तो ३ झाला, तर मुळात १० होतं. एका नमुन्याला वेळ दुपटीहून जास्त लागतो, पण त्याच पाण्यातला, त्याच अडथळ्यांतून आलेला आकडा मिळतो. धरून ठेवलेला भाग मात्र यानेही दिसत नाही, त्यासाठी पचन, म्हणजे नमुना आम्लात तापवून तो भाग मोकळा करणं, लागतं.

कणांच्या रूपातल्या शिशाचंही तसंच. रात्रभर नळात साचलेल्या पाण्यात पाइपातून सुटलेले बारीक कण असू शकतात आणि या पद्धतीला ते मोजता येत नाहीत. नमुना आम्ल घालून पीएच २ च्या खाली नेला आणि किमान १६ तास ठेवला की त्यातले बरेच विरघळतात. मग बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच पुन्हा साडेचारच्या आसपास आणायचा आणि त्याने झालेली विरळता हिशेबात धरायची. नळावर उभं राहून पाच मिनिटांत मिळालेल्या आकड्याला मी ‘विरघळलेलं शिसं’ म्हणतो, ‘एकूण’ कधीच म्हणत नाही. यंत्राच्या पडद्यावर हा फरक कुठेही लिहिलेला नाही. तो असायलाच हवा होता, कारण पाणी पिणाऱ्याच्या पोटात कणही जातात.

बॅटरी दिवसभर पुरते. सॉफ्टवेअर साधं आहे, पण पीकची बेसलाइन, म्हणजे ज्या रेषेपासून त्याची उंची मोजायची ती, स्वतः ओढायची सोय दोन मेनू आत दडवली आहे. लहान पीकला ती लागतेच.

तांब्यासाठी बिस्मथचा थर कामाचा नाही, दोघांचे पीक एकमेकांच्या फार जवळ येतात. आर्सेनिकला सोन्याचा इलेक्ट्रोड लागतो. वर आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं, आर्सेनिक तीन आणि आर्सेनिक पाच (ऑक्सिडेशनचे आकडे); त्यातलं पाच सहज दिसत नाही, त्याचं आधी तीन करून घ्यावं लागतं. ते सगळं मी करून पाहिलं, जमतंही, पण एकाच नमुन्याचे लागोपाठचे आकडे इतके हलतात की १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे हे ठामपणे सांगता येत नाही. तिथे कुणाची विहीर बंद करायची की नाही हे ठरणार असतं. म्हणून आर्सेनिकचे नमुने आम्ल घालून आयसीपी-एमएस (धातूंचं अगदी कमी प्रमाण अचूक मोजणारं मोठं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवतो, आणि शिशाचेही काही नमुने अधूनमधून त्याच खोक्यात घालतो.