फोमची गादी गोव्यात: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माप ७८ × ६० इंच, जाडी ६ इंच. वर १ इंच मेमरी फोम, खाली ५ इंच पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे नेहमीचा) फोम, बाहेरून झिपचं कव्हर. ऑनलाइन मागवलेली, व्हॅक्यूम पॅक करून गुंडाळलेली. मार्चअखेर उघडली, म्हणजे मे महिन्यातला उकाडा आणि चार महिन्यांचा पाऊस दोन्ही सोसून झालेत. कंपनीचं नाव देत नाही. याच बनावटीच्या गाद्या अनेक नावांनी विकल्या जातात आणि खालचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

मत आधीच सांगून टाकतो: झोपायला चांगली, सांगितली त्यापेक्षा हलकी, आणि पेटीच्या बेडवर तशीच टाकली तर गोव्यात बुरशी धरणारच.

हलकी म्हणजे किती, ते पाहू. माहितीपत्रकात खालचा फोम ‘४० डेन्सिटी’चा होता. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, त्यामुळे हा दावा घरच्या वजनकाट्यावर तपासता येतो. या मापाच्या गादीचा एक इंच जाडीचा थर साधारण ०.०७७ घनमीटर भरतो. मेमरी फोम ५० डेन्सिटीचा धरला तर त्याचे ३.८ किलो, आणि ५ इंच ४० डेन्सिटीचे १५.३ किलो, एकूण १९ किलोच्या वर फोम हवा. खोका काढून गुंडाळी हातात धरायची, काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. आकडा आला १८ किलो. नंतर कव्हर काढून वेगळं तोललं, ते १.८ किलो. उरले १६.२. त्यातून मेमरी फोमचे ३.८ वजा केले तर खालच्या पाच इंचांचे १२.४. हा हिशेब ३२ डेन्सिटीला बरोबर जुळतो. कंपनीचं उत्तर होतं, ‘वजनात थोडाफार फरक पडतो.’ एकोणिसात तीन किलो हा थोडाफार फरक नव्हे.

३२ डेन्सिटी टाकाऊ नाही. पाहुण्यांच्या खोलीला, किंवा साठ-पासष्ट किलोच्या एकट्या माणसाला ती पुरते. रोज दोघं झोपणार असतील, त्यातलं एक जण ऐंशीच्या वर असेल, तर ४० च्या खाली जाऊ नये. कडकपणाचा आणि डेन्सिटीचा संबंध नाही, हे दुकानात सगळे विसरतात. विक्रेता गादी दाबून ‘बघा किती टणक’ म्हणतो. टणक फोम २८ डेन्सिटीचाही बनतो. सुरुवातीला तो छान वाटतो आणि मग कंबरेखाली बसतो, कारण जागा तेवढीच आणि माल कमी. दाबून-दाबून आतल्या पेशींच्या भिंती तुटत जातात.

वजनाची परीक्षाही फसवता येते. काही फोममध्ये खडूची पूड मिसळून वजन वाढवतात. असा फोम कोपऱ्यात चिमटीत धरून चोळला की बोटांना पांढरं लागतं. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा थर. त्याची डेन्सिटी ८०-१०० असते, तेव्हा गादी जड लागली म्हणून भारी ठरत नाही. पाठीला सपाट, कडक आधार हवा असेल तर तळाला तो चालेल, पण ‘ऑर्थो’ हा शब्द पाहून जादा पैसे मोजू नका. सगळ्यात वाईट म्हणजे ईपीई: पांढरा, पॅकिंगच्या शीटसारखा. एकदा चेपला की पुरता वर येत नाही. झिप उघडून थर दाखवायला नकार मिळाला तर ती गादी घेऊच नका.

उघडल्यावर जाडी पूर्ण यायला ४८ तास लागले. पहिल्या दिवशी एक कोपरा पाऊण इंच खाली होता, तो आपोआप भरला. नव्या फोमचा वास चार दिवस राहिला, खिडक्या उघड्या आणि पंखा चालू असताना.

उकाड्याबद्दल. मेमरी फोम शरीराच्या उष्णतेने मऊ होतो, ही त्याची जातच आहे. मे महिन्यात पंख्याखाली अंग आत रुतल्यासारखं होतं आणि कूस बदलताना पाठ ओली लागते. एसी २३-२४ वर असेल तर हीच गादी पहिली दहा मिनिटं टणक वाटते, मग जुळवून घेते. थर एकच इंचाचा आहे म्हणून हे सहन होतं. एसी नसलेल्या खोलीत २-३ इंच मेमरी फोमची गादी घेणं म्हणजे पैसे देऊन घाम विकत घेणं. तिथे साधा एचआर फोम (दाबला की लगेच वर येणारा), किंवा खिसा परवडत असेल तर लेटेक्स (रबराचा फोम) बरा.

आता खरी गोष्ट, पावसाळा. बेड हायड्रॉलिक, १८ मिमी प्लायचं अखंड झाकण, खाली सामान गच्च. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गादी उचलली तर खालच्या कव्हरवर काळे ठिपके, आणि तेही सगळीकडे नव्हेत, नेमके पाठ-कंबरेच्या जागी. अंगाची ऊब आणि घामाची वाफ फोममधून खाली उतरते, गार प्लायला अडते आणि तिथेच दव धरतं. हवेत आधीच इतका दमटपणा की ते सुकायला वाव नाही. वरून हात फिरवला तर गादी कोरडी ठणठणीत! कुबट वास आला म्हणून कळलं.

उपाय असा केला: होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) प्लायला एक-एक इंचाची भोकं, सहा-सहा इंचांवर. पेटीतलं सामान वरून चार इंच कमी. बेड चिऱ्याच्या भिंतीपासून चार इंच पुढे, कारण पावसाचा मारा लागणारी भिंत आतून गार राहते. आठवड्यातून एकदा चादर काढून गादी दोन तास उभी, पंखा तिच्या पोटाकडे. ठिपके व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून कापडाने टिपले, कव्हर धुतलं. ऑगस्टपासून नवा ठिपका नाही. फोम मात्र धुवायचा नाही. जुलैत भिजलेला फोम आतून वाळत नाही. डांबरगोळ्याही ठेवू नका, वास फोममध्ये मुरतो आणि महिनोन्महिने जात नाही.

पाऊस सरल्यावर कापसाच्या गाद्या अंगणात उन्हात घालतात, तशी ही घालू नये. उन्हाने पीयू फोम पिवळा पडतो, पुढे भुगा होतो. सावलीत, वाऱ्याला. प्रोटेक्टर (गादीवर चढवायचं पाणी अडवणारं आवरण) घ्यायचा तर टीपीयू अस्तराचा, म्हणजे पातळ, लवचिक थराचा. प्लास्टिकसारखा करकरणारा घेतला तर घाम वरच साचतो.

जुन्या शिसवी पलंगावर घालणार असाल तर चौकटीचं माप आतून घ्या आणि अर्धा इंच कमी सांगा. हे पलंग क्वचितच बाजारच्या मापाचे असतात. फोमवाल्याकडे शीट कापून घेणं तिथे सोयीचं. वेताची विणलेली जाळी असेल तर तिला झोळ असतोच, फोम तोच झोळ घेतो. वर भोकं पाडलेली प्लाय टाकावी. फळ्या असतील तर दोहोंत तीन इंचांपेक्षा जास्त फट नको.

नऊ महिन्यांनी गादीवर सुतळी ताणून मोजलं. एका बाजूला कंबरेपाशी १२ मिमी खोलगट, दुसरीकडे ५. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवली होती, नंतर महिन्याने. (उलटी करायची नाही, मेमरी फोम तळाला जातो.) हमी दहा वर्षांची, पण ती लागू होते खड्डा एक इंचाच्या पुढे गेल्यावर, तोही गादीवर वजन नसताना मोजलेला. कंबर त्याच्या आधीच बोलू लागते. शिवाय डाग दिसला की हमी रद्द, आणि बुरशी डागातच मोजतात.

शंभर रात्रींची चाचणी मिळत असेल तर मागवायची वेळ विचार करून ठरवा. वासासाठी उन्हाळा बरा, कारण पावसात खिडक्या बंद असतात आणि वास आठवडाभर रेंगाळतो. पण १५ जूनला घेतली तर शंभर रात्री २३ सप्टेंबरपर्यंत जातात, म्हणजे बहुतेक सगळा पावसाळा परत करण्याच्या मुदतीतच तपासून होतो. परत न्यायला गाडी पेडणे, सत्तरी, काणकोणकडच्या पिनकोडवर येते का, ते पैसे भरण्याआधी विचारा. एकदा फुगलेली गादी घरी पुन्हा गुंडाळता येत नाही.