नाशिकची वायनरी सहल, माणशी २,४९९ रुपये: ठाण्याच्या २२ जणांना कुठे कुठे फसवलं

ठाण्यातल्या एका सोसायटीतले २२ जण २६ जानेवारीला, सोमवारी, जोडून आलेली सुट्टी बघून नाशिकला वायनरी बघायला गेले. ठरलेला दर माणशी २,४९९ रुपये, म्हणजे एकूण ५४,९७८. घरी परतेपर्यंत खिशातून गेले ८३,८७४, आणि खऱ्या वाईनचा एक घोटही कुणाला मिळाला नाही. टूरवाल्याचा नंबर दुसऱ्या दिवशीपासून बंद आहे. त्यांची जाहिरात, मेसेज आणि पावत्या समोर ठेवून हे लिहीत आहोत. यातली एकेक युक्ती दर मोसमात कुणावर तरी चालते, आणि बहुतेक युक्त्या पैसे भरण्याआधीच पकडता येतात.

सुरुवात तारखेपासून. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे. निवडणूक असेल तर त्या भागात मतदान संपण्याआधीचे ४८ तासही त्यातच आले. शिवाय राज्य सरकार काही सणांचे दिवस जाहीर करतं. अशा दिवशी परवाना असलेली कुठलीही वायनरी वाईन ओतत नाही आणि विकतही नाही. बाग बघता येते, जेवता येतं, एवढंच. आणि नेमका २६ जानेवारी द्राक्षांच्या मोसमात येतो, लोकांना सुट्टी असते, गर्दीही तयार असते. टूरवाल्याला हे माहीत नसेल असं होत नाही. जाहिरातीत मात्र ‘अनलिमिटेड टेस्टिंग’, म्हणजे हवी तितकी वाईन चाखा, असं लिहिलं होतं. तारीख ठरवण्याआधी वायनरीच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून एकच प्रश्न विचारायचा, ‘या तारखेला टेस्टिंग चालू आहे का?’ इथेच अर्धी फसवणूक थांबते. नंबर घेताना काळजी घ्या. नकाशावरच्या नोंदीतला नंबर कुणीही बदलायला सुचवू शकतो आणि कधीकधी तो बदल तसाच राहतो. बाटलीच्या लेबलवर उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहकसेवेचा संपर्क असतो, तो जास्त भरवशाचा.

दुसरी गोष्ट कार्यक्रमपत्रिकेची. सकाळी ६ ला ठाणे, मग दोन वायनऱ्या, द्राक्षं तुडवणं, जेवण, त्र्यंबकेश्वर, पंचवटी आणि रात्री ९ ला परत. हे होणारच नाही. ठाण्याहून गंगापूर धरणाच्या बाजूला, जिथे वायनऱ्या आहेत तिथे, पोहोचायला साधारण दीडशे किलोमीटर पडतात. भिवंडीची ट्रकची गर्दी, कसारा घाट आणि नाश्त्याचा एक थांबा धरला की ४ तास जातात. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून घाट टाळता येतो, पण त्याचा टोल वेगळा आणि पुढे नाशिकपर्यंतचा रस्ता आहेच. म्हणजे १० वाजता पोहोचणार आणि ५ वाजता निघणार. हातात ७ तास. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून २८ किलोमीटर, आणि सुट्टीच्या दिवशी दर्शनाची रांगच काही तास खाते. एका वायनरीला नीट बघायचं तर बाग, टाक्या, पिंपांची खोली आणि टेस्टिंग मिळून दीड-दोन तास हवेत. जो माणूस ७ तासांत हे सगळं बसवून दाखवतो, त्याने वायनरीत वेळ राखून ठेवलेलाच नसतो. या गटाच्या बाबतीतही तसंच झालं. पहिल्या ठिकाणी गेटबाहेर उतरवून ‘फोटो काढून घ्या, अर्ध्या तासात निघू’ असं सांगितलं.

इथे शब्द पकडायला हवेत. ‘वायनरी व्हिजिट’ म्हणजे नुसतं आवारात पाऊल ठेवणं. ‘वायनरी टूर’ म्हणजे माहिती सांगणाऱ्या माणसाबरोबर आत फिरणं, आणि त्याच्या वेळा ठरलेल्या असतात. ‘टेस्टिंग’ हे त्याहून वेगळं, त्याचे पैसे वेगळे. जाहिरातीत पहिला शब्द लिहायचा आणि फोनवर तिसरा ऐकवायचा ही जुनी रीत आहे. वायनरीत राखून ठेवलेल्या वेळेचा मेसेज किंवा ईमेल असतो, त्यावर तारीख, वेळ आणि माणसं लिहिलेली असतात. तो मागा. ‘आमची ओळख आहे, बुकिंग लागत नाही’ असं उत्तर आलं तर बुकिंग झालेलं नाही असंच समजा.

टेस्टिंगचं मापही माहीत असू द्या. साधारणपणे एका प्रकारची ३० मिलिलिटर ओततात, आणि पाच-सहा प्रकार देतात. सहा प्रकार म्हणजे १८० मिलिलिटर. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ३० चे २५ घोट बसतात. म्हणजे या गटातल्या वयात बसणाऱ्या १८ जणांच्या टेस्टिंगला सहा बाटल्या लागणारच, आणि त्या तुमच्यासमोर उघडल्या जातात. आधी पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, शेवटी गोड, असा क्रम असतो. पांढरी गार असते, लाल त्यामानाने कमी गार. ‘अनलिमिटेड टेस्टिंग’ हे शब्द ज्या कागदावर असतील, तो कागद वायनरीने दिलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

आता मुख्य फसवणूक. गेटवरून परत फिरल्यावर गाड्या मुख्य रस्ता सोडून आत, पत्र्याच्या एका शेडकडे नेल्या. ‘इथे घरगुती वायनरी आहे, मोठ्या लोकांपेक्षा चांगली, आणि ड्राय डे असला तरी ओळखीने मिळेल,’ असं सांगितलं. टेबलावर २० लिटरचे पाण्याचे जार होते, खाली प्लॅस्टिकची तोटी. त्यातून कागदी कपात गडद जांभळं पेय ओतलं. ते ओठांना चिकटत होतं, कपाच्या काठावर सुकलं तसा पाकासारखा थर बसला. कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, लाल वाईनला असा चिकटपणा नसतो, कारण द्राक्षातली बहुतेक साखर आंबताना अल्कोहोलमध्ये गेलेली असते. गोड वाईनही असतात, नाही असं नाही, पण त्या बाटलीतून येतात, जारमधून नाही. तिथल्या पेयात काय होतं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि काळजीचं कारण तेच. विनापरवाना दारूत मिथेनॉल असेल तर डोळे जातात, जीवही जातो. ओळखीने, सवलतीने, घरगुती म्हणून समोर आलेलं उघड्या भांड्यातलं काहीही पिऊ नका. त्या दिवशी सोबत दोन लहान मुलं होती, त्यांनाही ‘हा नुसता ज्यूस आहे’ म्हणून कप पुढे केले गेले. आयांनी ते घेऊ दिले नाहीत.

तिथेच ‘परमिट फी’ म्हणून माणशी २०० रुपये घेतले, २० जणांचे ४,०००. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो हे खरं आहे. पण एका दिवसाच्या परवान्याचं शुल्क ५ रुपये, वर्षाचं १०० आणि आजीवन परवान्याचं १,०००. २०० रुपयांचा एक दिवसाचा परवाना नसतोच. त्या २० जणांत १९ वर्षांची दोन कॉलेजची मुलं होती. वाईन आणि बिअरसाठी वयाची अट २१, त्यावरच्या दारूसाठी २५. म्हणजे त्या दोघांना परवाना मिळूच शकत नव्हता, तरी त्यांचेही ४०० रुपये घेतले. हातात कागद कुणालाच मिळाला नाही.

द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम म्हणजे एक निळा प्लॅस्टिकचा टब आणि त्यात बाजारातून उरलेली, देठासकट सडायला लागलेली खायची द्राक्षं. आधीच्या गटाने तुडवलेल्यावरच नवी टाकली होती. माश्या आणि गांधीलमाश्या घोंगावत होत्या. याबाबतीत मोसमाचा हिशेब डोक्यात ठेवा. नाशिकच्या बागेत वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वाईनच्या द्राक्षांची तोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्च. जून ते सप्टेंबर बाग हिरवीगार दिसते, पण वेलीवर घड नसतो. त्यामुळे पावसाळ्यात ‘घड तोडा आणि तुडवा’ अशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा. मोसमातही हा कार्यक्रम पाहुण्यांच्या मौजेसाठी असतो, त्या रसाची वाईन कुणी बाटलीत भरत नाही. ‘तुम्ही तुडवलेल्या द्राक्षांची बाटली घरी पाठवू’ असं सांगून पुन्हा पैसे मागतात, ते देऊ नका.

शेडमधून निघताना ११ बाटल्या विकल्या, प्रत्येकी १,२०० रुपयांना, एकूण १३,२००. लेबल घरच्या प्रिंटरवर छापलेलं, कडेला शाई पसरलेली. बॅच नंबर नाही, एमआरपी नाही, किती टक्के अल्कोहोल ते नाही, अन्नसुरक्षेचा १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक नाही. मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याची आणि पिऊन गाडी चालवू नका ही सूचना १ एप्रिल २०१९ पासून लेबलवर बंधनकारक आहे, तीही नाही. इतकं नसलेली बाटली बेकायदा आहे. ती नुसती जवळ बाळगण्यानेही वाटेत तपासणी झाली तर घेणाराच अडचणीत येतो.

शेवटचा हिशेब परतीच्या वाटेवर व्हॉट्सॲपवर आला. ‘जीएसटी १८ टक्के, ९,८९६ रुपये’ आणि ‘मुंबई टोल व पार्किंग, १,८००’. जाहिरातीत ‘सर्व करांसहित’ असं छापलं होतं, तरी अंधारात, मुलं झोपलेली असताना, वाद नको म्हणून लोकांनी भरले. सहलीच्या पॅकेजवर टूरवाले सहसा ५ टक्के जीएसटी लावतात. पिण्याच्या दारूवर तर जीएसटी नाहीच, तिथे राज्याचा व्हॅट हा कर. आणि ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी घेताच येत नाही. नोंदणी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. या बिलावर क्रमांकच नव्हता. टोलचं तर सरळ खोटं होतं. ठाण्याहून नाशिकला निघाल्यावर आनंदनगरचा नाका लागतच नाही. लागला असता तरी मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना १५ ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. खरा टोल फास्टॅगमधून कापला जातो आणि गाडीमालकाला लगेच मेसेज येतो. तो मेसेज दाखवा म्हणायचं, बाकी वाद घालायची गरज नाही.

गाड्या दोन होत्या, १७ सीटचा टेंपो ट्रॅव्हलर आणि एक मोठी कार. कारची पाटी पांढरी, काळ्या अक्षरांची, म्हणजे खासगी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी हवी. विजेवरची असेल तर हिरवी, तीवर पिवळी अक्षरं. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि ती किंमत प्रवाशांनी मोजायची असते. आदल्या रात्री नंबर मागून एमपरिवाहन ॲपमध्ये टाकला तर नोंदणीचा प्रकार, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. शेडमध्ये ड्रायव्हरलाही कप दिले होते, हे दोन जणांनी पाहिलं. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा, आणि पुढे कसारा घाट उतरायचा होता. ड्रायव्हरने घेतलेलं दिसलं की तिथेच गाडी सोडा. नाशिक रोड स्टेशनहून ठाण्याला संध्याकाळी रेल्वेगाड्या असतात. रिझर्व्हेशन नसेल तर हाल होतील, पण तेवढे सोसा.

पुण्याच्या लोकांसाठी एवढंच की नाशिक तिथून २१० किलोमीटर आहे, चाकण ते नारायणगावची गर्दी धरून एका बाजूला पाच तास. एका दिवसात नाशिकची दोन वायनऱ्यांची सहल पुण्याहून विकणारा काय गाळणार आहे ते आधी विचारा.

ॲडव्हान्सचे २७,४८९ रुपये एका व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआय खात्यात गेले होते, व्यवसायाच्या नाही. पैसे भरताना स्क्रीनवर जे नाव येतं ते आणि जाहिरातीवरचं नाव जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. परतावा देतो म्हणून कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर ती दुसरी फसवणूक. पैसे यायला पिन लागत नाही.

झालं असेल तर करायचं काय? बुकिंगच खोटं निघालं, माणूस पैसे घेऊन गायब झाला, तर लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ती फार उरत नाही. हाताशी यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक ठेवा. सहल झाली पण कबूल केलेलं दिलं नाही, जास्त उकळलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. बावीस जणांनी वेगवेगळं धावण्यापेक्षा एकत्र तक्रार केली तर तीच पावती सगळ्यांच्या कामी येते. जाहिरात, चॅट आणि व्हॉइस मेसेज फोनमधून काढू नका, मूळ फोनमध्येच राहू द्या. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते मूळ फोन हाताशी असला तर सोपं जातं.

विनापरवाना दारूची तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात करायची. त्या ११ पैकी सात बाटल्या लोकांनी चिडून मोरीत ओतल्या आणि काच भंगारात दिली. उरलेल्या चारच आता पुरावा म्हणून आहेत. तुमच्याकडे अशी बाटली आली असेल तर धुऊ नका, लेबल सोलू नका. उघडलेली असली तर बूच घट्ट बसवून उभी ठेवा, फोटो काढा, आणि तक्रारीसोबत तशीच घेऊन जा.